रिजेक्ट केलेला झोका

पहिल्या दिवशी मी सत्तेचाळीस वेळा पडलो. मोजायची सवय आहे म्हणून आकडा सांगतो. पडलो म्हणजे मी नव्हे. मी बडोद्याला, समामधल्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या झोपाळ्यावर व्यवस्थित बसलो होतो. टीव्हीच्या पडद्यावर एक लोहाराची पोर होती, ती पडत होती. पण अंगठे माझे होते, त्यामुळे पडलो मीच.

तो व्हिडिओ गेम माझ्या मुलीने बनवला होता. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, काम घरूनच करते. कंपनीचं काम आटोपलं की संध्याकाळी गोत्रीत राहणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर तिचा हा दुसरा उद्योग सुरू व्हायचा. मैत्रीण चित्रं काढायची आणि ती चित्रं हलायची कशी, पडायची कशी, हे मुलगी ठरवायची. दोन वर्षं हे चाललं होतं आणि दोन वर्षं मी त्याला 'तुझं ते कार्टून' म्हणत होतो.

खेळ असा. आकाशात तरंगणारा एक किल्ला, त्याला सात बुरुज, एकापेक्षा एक उंच. सगळ्यात वरच्या बुरुजात एका राक्षसाने ढग कोंडून ठेवलेत आणि खाली गावात दुष्काळ पडलाय. लोहाराची पोर ढग सोडवायला निघते. तिच्या हातात एक साखळी, साखळीच्या टोकाला आकडा. आकडा फेकायचा, तो तटाच्या दगडात, झाडाच्या फांदीत, झोपलेल्या पहारेकऱ्याच्या कानातल्या बाळीत, मिळेल तिथे अडकवायचा आणि झोका घेऊन पुढे जायचं. नेमक्या क्षणी साखळी सोडली तर पुढच्या बुरुजावर. जरा उशीर झाला की थेट तळाला, जिथून सुरुवात केली तिथे. मधे कुठे टेकायची सोय नाही. तळाला एक बेडूक बसलेला असतो. तो काही करत नाही, नुसता तुमच्याकडे बघतो आणि सावकाश पापण्या मिटतो. त्या बेडकाइतका राग मला आयुष्यात फार थोड्या लोकांचा आलाय, आणि त्यातले बहुतेक आमच्या कारखान्याच्या परचेस खात्यात होते.

वरून खेळातल्या प्रत्येक वस्तूला वजन. फळीवर कडेला पाय ठेवला की फळी कलंडते. धोंडा ढकलला की उतारावर वेग घेतो आणि तुम्हालाच चिरडतो. दोरी ओली झाली की जड होते. हीच तर गंमत आहे, असं मुलगी म्हणायची. कसली डोंबलाची गंमत. दोन मुठींचा तो कंट्रोलर हातात धरून माझे अंगठे सुजले. बायको जेवायला वाढून आतून हाका मारायची, "अहो, मूको ने आता ते, ठेवा बाजूला. कढी गार होतेय." मी मूकणार कसा? दुसऱ्या बुरुजापर्यंत पोचलो होतो आणि दुसऱ्या बुरुजापर्यंत पोचायला मला चार दिवस लागले होते.

हे सगळं माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मुलीने टीव्हीला वायरी जोडल्या आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळून बघा ना. काय वाटतं ते सांगा."

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाली की तिला तो खेळ काही मंडळींकडे पाठवायचा होता. नवे खेळ निवडून बाजारात आणायचं काम ते करतात. तिने त्यांना आधी दोन मिनिटांची चित्रफीत पाठवली होती आणि ती बघून त्यांनी पूर्ण खेळ मागवला होता. त्यांना पसंत पडला तर तिला नोकरी सोडून वर्षभर हेच काम करता येणार होतं. नाही पडला तर कंपनी होतीच. हे मला सांगताना ती हसत होती, पण कंट्रोलर देताना तिने तो दोनदा पुसला.

काय वाटतं ते सांगा, हे तिने चुकीच्या माणसाला सांगितलं. मला काही वाटत नाही. म्हणजे वाटत असेल, पण तो माझा धंदा नव्हता. गोरव्याच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. आम्ही हॉइस्ट बनवायचो, साखळीने अवजड माल उचलायची यंत्रं. माझं काम एकच, तयार नगात चूक शोधणं. साखळीची कडी न् कडी बघायची, आकड्याचं तोंड मोजायचं, क्षमतेच्या सव्वापट वजन टांगून बघायचं. मग तीनपैकी एक शब्द लिहायचा, ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट, आणि खाली सही. माझ्या सहीशिवाय फाटकातून नग बाहेर जात नसे. महिनाअखेरीला डिस्पॅचवाले मागे लागायचे, "साहेब, जवा दो ने आ वखते." मी कधी जाऊ दिलं नाही. डोक्यावर माल लटकतो, खाली माणूस उभा असतो, तिथे 'या वेळेला' काय म्हणून जाऊ द्यायचं?

आणि आमच्यात कुणी 'छान' म्हणत नाही. माल चांगला असला तर इन्स्पेक्टर गप्प बसतो, सही करतो आणि पुढचा नग ओढतो. कामगारांना ते माहीत असायचं. मी काही न बोलता पुढे गेलो की ते खूष. घरीही मी तसाच राहिलो. भाजीबद्दल मी बोललो नाही म्हणजे भाजी जमली, हे बायकोला लग्नानंतर पाचेक वर्षांनी उमगलं. तोवर ती बिचारी रोज मीठ वाढवून कमी करून बघत होती. मुलीने शाळेत असताना केलेला आकाशकंदील मी पट्टीने मोजला होता आणि एक बाजू अर्ध्या सेंटीमीटरने कमी आहे असं सांगितलं होतं. ती खरोखर कमी होती.

तर मी खेळाचंही इन्स्पेक्शन केलं. जुन्या रिपोर्टसारखे रकाने आखले: क्रमांक, जागा, काय दिसलं, काय दिसायला हवं, निकाल. सकाळी अकरा ते एक मी खेळायचो, शेजारच्या खोलीतून मुलीच्या मीटिंगा ऐकू यायच्या, आणि पडलो की मी कागद ओढून लिहायचो. चिडलेला माणूस चुका फार बारीक शोधतो, हे मला त्या महिन्यात कळलं. ओली दोरी सुकायला वेळ लागत नाही, रिवर्क. बाळीला एवढं वजन टांगल्यावर पहारेकऱ्याचा कान फाटायला हवा, रिवर्क. साखळी आखडताना कड्या एकमेकींतून आरपार जातात, रिजेक्ट. यातल्या निम्म्या चुका मी पडलो नसतो तर मला दिसल्याही नसत्या, हेही कबूल करतो.

तिसऱ्या बुरुजाच्या पुढे एक जागा होती. मधे मोठी दरी, पलीकडचा बुरुज आपल्यापेक्षा उंच, आणि आकडा अडकवायला वर एकच तुळई. मी वीस वेळा तिथून पडलो. एकविसाव्या वेळी साखळी सोडायची ती सोडली नाही, नुसता लोंबकळत राहिलो आणि झोका मागे-पुढे होऊ दिला. तर तो वाढायला लागला. प्रत्येक फेरीला थोडा वर, आणखी थोडा वर. पोरीचे केस उडायला लागले, ढग अंगावर आले, माझ्या पोटात खड्डा पडला आणि तोंडातून मोठ्याने "ओ हो हो" असा आवाज निघाला. बायको हातात झारा घेऊन बाहेर आली. मी चौथ्या बुरुजावर उभा होतो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"चूक सापडली," मी म्हणालो.

झोका जेवढ्या उंचीवरून सुटतो तेवढाच पलीकडे चढतो, त्याहून वर नाही. घर्षणाने कमीच होतो. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं. बायकोला मी ते समजावून सांगितलं, तर ती माझ्याच बुडाखालच्या झोपाळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा जातो की वर. पायाने रेटा दिला की जातो."

"रेटा द्यायला जमीन आहे का तिथे? ती पोर हवेत लटकलीय. ढकलणारं कोण आहे?"

"मला काय ठाऊक. तुम्ही ओरडलात ते मजेत होतात असं वाटलं," असं म्हणून ती आत गेली.

मजेत होतोच. ते मात्र मी लिहिलं नाही. अकराव्या क्रमांकावर लिहिलं: झोका सुरुवातीच्या उंचीहून वर जातो. ढकलणारं कोणी दिसत नाही. रिजेक्ट.

असे एकतीस शेरे झाले. रविवारी मैत्रीण आली होती तेव्हा मी दोघींच्या हातात कागद ठेवले, सहीसकट. मैत्रिणीने वाचले आणि ती हसायला लागली. "अंकल, आ तो जादूनी दुनिया छे," ती म्हणाली, "एमां थोडुं तो उडवा दो ने."

जादू आहे, थोडं उडू द्यायचं, तर मग फळी का कलंडते, धोंडा का गडगडतो, मी विचारलं. नियम ठेवायचा तर सगळीकडे ठेवा, नाहीतर कुठेच नको. ती हसायची थांबली. मुलगी हसलीच नव्हती. ती अकराव्या शेऱ्यावर बराच वेळ थांबली होती. मग म्हणाली, "बरोबर आहे, बाबा. करते दुरुस्त."

त्या दोघींची त्यावरून बरीच खडाखडी झाली असावी. दाराआडून 'नको', 'ना पाडी ने', 'गेम मेरा भी है' असं मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांतलं ऐकू यायचं. मी मधे पडलो नाही. रिवर्क कसं करायचं हे इन्स्पेक्टर सांगत नसतो. सगळं बडोदं गच्चीवर पतंग उडवत होतं तेव्हा मुलगी खाली खोलीत झोका सुधारत बसली होती. बायको उंधियूचं ताट आत नेऊन द्यायची आणि येताना माझ्याकडे असं बघायची की जणू ही दुष्ट शिक्षा मीच दिली होती. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं.

सुधारलेला खेळ माझ्याकडे परत आला. झोका आता अगदी पुस्तकात असतो तसा. त्यामुळे चौथ्या बुरुजावर जाणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बुरुज खाली आणले. बुरुज खाली आणले म्हणून दऱ्या अरुंद केल्या. दऱ्या अरुंद झाल्या म्हणून आकडा अडकवायच्या जागा जवळ आणाव्या लागल्या. आमच्याकडेही हे व्हायचं, एक माप बदललं की मागची दहा बदलतात. मी बसलो आणि दोन दिवसांत सातव्या बुरुजावर पोचलो. फार पडलो नाही. ढग सुटले, गावात पाऊस पडला, आणि मी कंट्रोलर बाजूला ठेवून विचारलं, आज जेवायला काय आहे.

काहीतरी हरवलंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. खोटं कशाला बोलू? पोटात तो खड्डा एकदाही पडला नव्हता. जिना चढून आल्यासारखं वाटत होतं. पण माझ्या एकतीसही शेऱ्यांची पूर्तता झाली होती आणि रिपोर्टात बत्तिसावी ओळ लिहायला माझ्याकडे मोजता येण्यासारखं काही नव्हतं. मी ओके लिहिलं आणि सही केली. मुलीने तो कागद घेतला, सही बघितली आणि त्याच संध्याकाळी खेळ पाठवून दिला.

उत्तर होळीच्या आठवड्यात आलं. आम्ही तिघं जेवत होतो. तिने फोनवर वाचलं, फोन उलटा ठेवला आणि पोळीचा तुकडा मोडत सांगितलं, "नाही म्हणाले. चित्रफितीत जी मजा होती ती यात सापडली नाही म्हणतात. बाकी काम नेटकं आहे."

माझं डोकं फिरलं. मी त्या मंडळींना नाही नाही ते बोललो. चित्रफीत बघून माल मागवतात आणि नियमात बसवून दिला तर नाक मुरडतात, असल्यांच्या नादी लागायचंच कशाला. मग चित्रफीत लावायला सांगितली, मी ती कधी बघितलीच नव्हती. दोन मिनिटांतली दीड मिनिटं तो झोका होता. जुना, वर वर जाणारा.

नंतरचे काही दिवस मी घरात नुसता भुणभुणत फिरलो. झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं, जे घालायची गरज नव्हती. राग कुणावर काढावा ते समजेना. जुना खेळ परत पाठवता येईल का, असं एकदा विचारलं, तर मुलगी म्हणाली ते एक काम दुसऱ्यांदा बघत नाहीत. आणि मैत्रिणीने अहमदाबादला नोकरी धरली होती. ती निघायच्या आधी आमच्याकडे आली, बायकोच्या पाया पडली, माझ्याही पडली, पण नेहमीसारखं 'अंकल' करून काही बोलली नाही. दारात चपला घालताना एवढंच म्हणाली की आम्ही आणखी नऊ जणांना खेळायला दिला होता. सगळ्यांनी काही ना काही सांगितलं, तुमच्या मुलीने कुणाचं ऐकलं नाही. फक्त तुमचं ऐकलं.

हे मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी दोन मीटिंगांच्या मधे चहा घेऊन झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली, तेव्हा मी तिला विचारलं. विचारलं म्हणजे तिच्यावरच खेकसलो. नऊ जणांचं ऐकलं नाहीस, तुझ्या मैत्रिणीचं ऐकलं नाहीस, मग माझं का ऐकलंस? मला खेळातलं काय कळतं?

"तुमची सही नसलेला माल बाहेर जात नाही, हे तुम्हीच सांगत आलात ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तो जुना झोका," मी म्हणालो. "तो मला आवडला होता."

तिने कप खाली ठेवला. "मग लिहिलं का नाहीत?"

"त्याला रकाना नव्हता."

हे ऐकून ती जराशी हसली, पण ते हसू मला अजिबात आवडलं नाही. मग ती समोरच्या बंद टीव्हीकडे बघत बोलायला लागली. "ढकलणारं कोणी दिसत नाही, असं लिहिलं होतंत तुम्ही. मला वाटलं तुम्हाला आठवेल. मी दुसरीत होते. दसऱ्याला तुमच्या कारखान्यात पूजेला आलो होतो, आई, मी, सगळे. मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सगळे प्रसादाला गेले आणि तुम्ही मला आत तुमच्या टेस्टिंगच्या जागी नेलं. हॉइस्टच्या आकड्याला पट्टा लावलात, त्यात मला बसवलंत आणि झोका दिलात."

मला नव्हतं आठवत. नंतर हळूहळू आठवलं. पट्ट्याला ग्रीसचा वास होता आणि तिचा नवा फ्रॉक खराब होईल म्हणून मी खाली माझा रुमाल अंथरला होता. हॉइस्टवर माणूस बसवायचा नाही, हा नियम त्या भिंतीवर माझ्याच सहीने लावलेला होता. बत्तीस वर्षांत तो मी त्या एका दिवशी मोडला, आणि मोडला हे विसरूनही गेलो.

"तुम्ही मागे उभे होतात, म्हणून दिसत नव्हतात," ती म्हणाली. "मी वर बघत होते. प्रत्येक वेळी आणखी वर जात होते. मला खेळात तेवढंच करायचं होतं, बाबा. बुरुज, राक्षस, बेडूक हे सगळं त्याच्याभोवती नंतर आलं." मग ती म्हणाली, "शेवटी माझा हात छताला लागला होता."

त्या शेडचं छत तीस फूट उंच आहे. पट्टा जमिनीपासून हातभर वर होता, आणि हॉइस्ट टांगलेला असतो त्या गर्डरच्या वर कुठलाच झोका जाऊ शकत नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, फूट आणि इंचांसकट. मी ते गिळलं.

"लागला होता," मी म्हणालो.

आतून तिच्या लॅपटॉपवर मीटिंगचा आवाज यायला लागला होता. ती उठली, कप उचलला.

"हे आता म्हणताय," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.